पांढऱ्या मेंढीचं कोकरू

मूल जन्माला आलं की आमच्या घरात आधी त्याचं नाक बघतात. नाक मोठ्या बाबांसारखं निघालं की बायका सुस्कारा सोडतात, आणि मुलगी असली तर जरा मोठाच सोडतात. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माणूस उंबरठ्याबाहेर असतानाच त्यांचं नाक आत आलेलं असायचं. तेच नाक माझ्या वाट्याला आलं आहे, आणि गंमत म्हणजे माझ्या आईवडिलांची नाकं अगदी चारचौघांसारखी. वडिलांना वगळून हे नाक माझ्यापर्यंत कुठल्या रस्त्यानं आलं, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला. पुढे भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले तेव्हा आनुवंशिकतेच्या तासाला मी कायम पुढच्या बाकावर असायची, ती या नाकापायी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या गावातून कॉलेजात जाणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यात विज्ञान घेतलेली मी एकटी. त्यामुळे सुट्टीत घरी आले की मी कुणालाही काहीही शिकवायला टपलेली असे. घरचे हसून सोडून देत. पण एका दिवाळीत आमच्या अंगणात असं काही घडलं की माझी विद्या सगळ्यांना ऐकून घ्यावी लागली. त्यानंतरच्या दिवाळीत जे घडलं त्यात माझी विद्या बाजूलाच राहिली. जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, पण त्या दोन दिवाळ्यांतली ती बाई मला कुठल्याही धड्यापेक्षा जास्त आठवते.

आमचं गाव लाखनीहून आत, धानाचं. धान कापून झालं की मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धनगर मेंढरं घेऊन यायचे. ज्याच्या बांधीत रात्री मेंढरं बसतील त्याच्या जमिनीला लेंड्यांचं खत मिळे, आणि बदल्यात तो धनगराला धान देई. पावसाळ्यात मात्र आमच्याकडे सगळीकडे चिखल आणि पाणी. मेंढरांचे खूर सडतात. म्हणून रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी धनगर आपली मेंढरं घेऊन तुमसरकडे, आंबागडच्या डोंगराच्या अंगाला जात आणि दिवाळीच्या सुमाराला परत येत. आमच्या गावात येणारं धनगरांचं एकच घर होतं, पिढ्यान्‌पिढ्या तेच. त्यांचं वर्षाचं पोट आमच्या गावच्या बांध्यांवर होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

त्या घरात बोलायचं काम बाईकडे होतं. नवरा मुका नव्हता, पण ती असताना त्याला बोलायची गरज पडत नसे. उंच, काटक, काळीभोर बाई. कमरेला विळा, खांद्यावर घोंगडी, आणि आवाज असा की तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवरच्या मेंढ्याला शिवी द्यावी आणि त्यानं मान वळवावी. मी तिला मावशी म्हणायची. बढाई मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्या मेंढरांसारखी मेंढरं जिल्ह्यात नाहीत, आपल्या काळ्या लोकरीची घोंगडी न रंगवता इतकी काळी असते की तिच्यापुढं कावळा फिका पडतो, हे ती दर वर्षी नव्यानं सांगे. तिचा कळप काळाच होता. मधूनमधून एखादी तपकिरी झाक दिसे, तीही उन्हानं उडालेल्या लोकरीची.

तिची एक बढाई मी डोळ्यांनी खरी झालेली पाहिली. एका मेंढीचं कोकरू मेलं होतं आणि दुसऱ्या एका कोकराची आई मेली होती. मेंढी परक्या कोकराला पाजत नाही, हुंगते आणि लाथ मारते. मावशीनं मेलेल्या कोकराचं कातडं काढलं, जिवंत कोकराच्या पाठीवर बांधलं, वर थोडं मीठ चोळलं आणि त्याला मेंढीपुढं ढकललं. मेंढीनं हुंगलं, चाटलं आणि पाजायला उभी राहिली. मावशीनं आमच्या अख्ख्या अंगणाकडे बघून सांगितलं, "कोणतंबी पिल्लू कोणत्याबी मेंढीले लावून देतो मी! मेंढीच्या बापालेबी समजणार नाही!"

मोठे बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना ते फार आवडलं होतं. पुढे हीच बढाई तिच्या अंगलट येणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक?

मोठ्या बाबांना पांढऱ्या रंगाचं वेड होतं. धोतर पांढरं, बैलजोडी पांढरी, दारातला कुत्रासुद्धा पांढरा. शंकरपटाला गेले की बैल कसे पळतात यापेक्षा किती पांढरे आहेत याचीच चौकशी करत. त्यांनी कुठल्याशा जत्रेतून एक पांढरी मेंढी आणि एक पांढरा मेंढा आणला. आता आपल्या दारात पांढरी मेंढरं होणार, असं त्यांनी गावभर सांगून टाकलं. आणि ती पांढरीच व्हावीत म्हणून त्यांनी काय केलं असेल? मेंढ्यांच्या कोठ्याच्या भिंतीला आतून चुना मारला. पाणी पाजायच्या टाकीवर पांढरं धोतर ताणून बांधलं. गाभण राहताना आईच्या डोळ्यांपुढं जे असतं तसं पोर होतं, यावर आमच्या गावात दुमत नव्हतं. मोठ्या आईनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोनं, आपल्या प्रत्येक बाळंतपणाआधी भिंतीवर गोऱ्या, गुटगुटीत बाळाचं चित्र लावलं होतं. तिची सगळी मुलं सावळी आणि काडीसारखी निघाली तरी तिचा त्यावरचा विश्वास ढळला नव्हता. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होते. चुन्याच्या वासानं ती मेंढी शिंकायची आणि मोठी आई तिला समजवायची, "पाह्य वो, भिंतीकडं पाह्य. पांढरं पाह्य."

त्या चुन्याच्या कोठ्यातच, मोठ्या बाबांच्या नजरेखाली, पांढऱ्या मेंढ्यानं पांढरी मेंढी फळवली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मेंढी मावशीच्या कळपात दिली, कारण आमच्याकडच्या चिखलात ती जगली नसती. वाटा ठरला: पहिलं कोकरू मोठ्या बाबांचं, पुढचं मावशीचं. गावात मेंढी अशी अर्ध्या वाट्यानं देणं नवं नव्हतं. मेंढा मात्र मोठ्या बाबांनी आपल्या सासरी देऊन टाकला. सासऱ्यांनी मागितला होता, आणि सासऱ्यांपुढं मोठ्या बाबांचं नाकसुद्धा खाली व्हायचं.

दिवाळीत मावशी परत आली. पांढऱ्या मेंढीच्या मागं एक कोकरू तुरुतुरु चालत होतं. काळंकुट्ट. कानाच्या टोकापासून खुरापर्यंत पांढरा केस औषधालासुद्धा नाही.

मोठे बाबा ओट्यावरून उठले. आधी त्यांना वाटलं थट्टा आहे. मग त्यांचा चेहरा बदलला.

"हे कोणाचं आहे वो?"

"तुमच्या मेंढीचं, पाटील. पाहा ना, कसं मागं मागं धावून राहिलं."

"मेंढी पांढरी. मेंढा पांढरा. भिंत पांढरी. अन् पिल्लू काळं?"

"आता मी काय करू जी? डोंगराच्या सावलीत राहिली, काळ्या दगडापाशी पाणी पिली, झालं काळं."

"फळली थे माझ्या कोठ्यात! तुझ्या दगडापाशी नाही फळली!"

कोकरू तेवढ्यात मेंढीच्या पोटाखाली शिरून पिऊ लागलं. मावशीनं विजयी चेहऱ्यानं त्याकडे हात केला. परकं असतं तर मेंढीनं पाजलं असतं का? आणि तिथंच ती फसली.

"तूच सांगितलं होतं ना इथं उभी राहून," मोठे बाबा म्हणाले, "का कोणतंबी पिल्लू कोणत्याबी मेंढीले लावतो म्हणून? मेंढीच्या बापालेबी समजत नाही म्हणून? पांढरं पिल्लू ठेवलं तू तुझ्याजवळ, अन् काळं लावून आणलं."

मावशी जी भडकली! "काळी लोकर म्हणजे आमच्या घरचं सोनं आहे, पाटील! सोनं देऊन पितळ घ्यायले मी येडी आहो का? पांढऱ्या लोकरीची घोंगडी कोण पांघरते? तुमचा कुत्रा?"

कुत्र्याचं नाव काढल्यावर मोठे बाबा आणखी पेटले. कोकरू घ्यायला त्यांनी नकार दिला. मावशीनंही दिला. "तुमच्या मेंढीचं आहे, तुमच्याच दारात राहील," म्हणून ती निघून गेली. मेंढी आणि काळं कोकरू आमच्याच अंगणात राहिलं. मोठ्या आईनं त्याला भाताची पेज पाजायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तोंड फिरवून, दुसऱ्या दिवशी मांडीवर घेऊन.

बोलणं गावभर झालं. धनगरीण पिल्लं बदलते. त्या हंगामात दोघातिघांनी आपल्या बांधीत मेंढरं बसवायला नको म्हणून सांगितलं. मेंढरं बसवायची म्हणजे रात्रभर परक्या माणसांना आपल्या शेतात, खळ्यावरच्या धानाजवळ राहू द्यायचं. तिथं भरवसा लागतो, आणि एकदा चोर ठरलेल्या माणसाला दुसरं गाव लवकर मिळत नाही. मावशीनं आवाज चढवणं सोडून दिलं होतं. ती आमच्या दारावरून जाताना मान सरळ ठेवून जायची, आणि ते मला तिच्या शिव्यांपेक्षा जास्त लागत होतं. कारण मला दिसत होतं की कोकरू काळं होण्यात बदलाबदलीची काही गरजच नाही. माझ्या वहीत तो तक्ता काढलेला होता. फक्त तिथं वाटाण्याचं झाड होतं.

मी मोठ्या बाबांना गाठलं. मावशीलाही बोलावून आणलं. ती आधी यायलाच तयार नव्हती. मोठ्या आईकडून दोन वाट्या घेतल्या, आणि प्रत्येक वाटीत तांदळाचा एक दाणा आणि सालीच्या काळ्या उडदाचा एक दाणा टाकला.

"ही वाटी मेंढीची, ही मेंढ्याची," मी सांगितलं. "पिल्लाला आईकडून एक दाणा मिळतो आणि बापाकडून एक. दोघांतला एक जरी तांदूळ असला तरी पिल्लू पांढरं दिसतं, आणि उडीद आत दबून राहतो. आपली मेंढी पांढरी दिसते, पण तिच्या आत उडीद असू शकतो. मेंढ्याच्या आतही. दोघांकडून उडीदच आला, तर पिल्लू काळं."

"तू कॉलेजात मेंढी शिकून राहिली का खिचडी?" मोठे बाबा म्हणाले.

मावशीनं मात्र डोळे मिटले आणि दोन्ही वाट्यांत एकदम हात घातला. तांदूळ आणि तांदूळ. पुन्हा टाकले, पुन्हा काढले. तांदूळ आणि उडीद. पुन्हा तांदूळ. दर वेळी तिचा श्वास अडकत होता, देवाला कौल लावावा तसा. आणि मग दोन्ही हातांत उडीद आले. तिनं डोळे उघडले, तळहात पुढं केले आणि इतक्या जोरात ओरडली की अंगणातलं काळं कोकरू उडी मारून मोठ्या आईच्या मागं लपलं.

"पाहा! पाहा पाटील! दोन पांढऱ्यांतून निघालं काळं! मी काही बदललं का? तुमच्या समोर निघालं!"

मोठे बाबा हट्टी होते, पण आंधळे नव्हते. एक वाटी उचलून त्यांनी आतले दाणे बोटानं सरकवून पाहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या मेंढीच्या पोटात उडीद आहे हे कायवरून?"

प्रश्न पक्का होता. खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला. आमच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं: पुढच्या वेळी मेंढी काळ्या मेंढ्याकडून फळवा. काळ्या मेंढ्याच्या वाटीत दोन्ही उडीदच असतात, त्याच्याकडून उडीदच येणार. मेंढी आतून कोरी पांढरी असेल तर कोकरू पांढरंच होईल. तिच्या आत उडीद असेल तर काळं होऊ शकतं. काळं झालं तर मेंढीत उडीद आहे हे सिद्ध, आणि पहिलं काळं कोकरू तिचंच असू शकतं हेही.

"अन् पांढरं झालं तर?" मावशीनं विचारलं.

तिथं मला खरं सांगावं लागलं. "मेंढीत उडीद असला तरी निम्म्या वेळा तांदूळच येईल, मावशी. तेव्हा पांढरं झालं तर काहीच कळणार नाही."

"तुले नाही कळणार," मोठे बाबा म्हणाले. "मले कळल." आणि त्यांनी ओट्यावर जमलेल्या लोकांसमोर शब्द दिला. काळं झालं तर मी हिची माफी मागीन. पांढरं झालं तर पुढच्या हंगामात हिची मेंढरं या गावच्या शिवारात बसणार नाहीत. मोठे बाबा जे म्हणत ते गाव करत असे.

तेवढ्यात कुणीतरी खो-खो हसलं. पावसाळ्यात मेंढी जाणार डोंगराकडं, व्याणार तिथं, हिच्या कळपात. हिच्याजवळ काळी पिल्लं ढिगानं. पांढरं झालं तरी ही काळंच आणून उभं करील! इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी म्हटलं, मेंढी इथंच ठेवू. पण पावसाळ्यातल्या चिखलात तिचे खूर सडतील हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मावशीनंच नको म्हटलं. "मुकं जनावर कायले मारता? माझ्यासाठी?"

"नेऊ दे तिले," मोठे बाबा उठत म्हणाले. "आणते ती काळं. आजच सांगतो. तरी मी शब्द पाळीन. लोकं काय समजायचं थे समजतीन."

म्हणजे काळं आणलं तरी लोक तिला चोर म्हणणार होते, पण तोंडावर म्हणणार नव्हते, आणि बांध्या तिच्या राहणार होत्या. पांढरं आणलं तर बांध्याही जाणार होत्या. हे मला कळलं, तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. मावशी उठली. जाताना तिनं वाटीतला उडदाचा एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि चावत गेली.

उन्हाळ्यात तिनं आपल्या कळपातला सगळ्यात देखणा मेंढा आणला. काळा, शिंगं दोन वेळा वळलेली, छाती अशी की कोठ्याचं दार अपुरं पडावं. सगळ्या गावासमोर, त्याच चुन्याच्या कोठ्यात मेंढी फळली. मोठ्या आईनं टाकीवरचं पांढरं धोतर काढलं आणि तिथं मावशीची घोंगडी टांगली. माझ्या सगळ्या व्याख्यानानंतरही! मी ती तशीच राहू दिली. कुठल्याही बाजूनं मदत आली तर ती मला हवीच होती. पाऊस सुरू व्हायच्या आधी मावशी मेंढीला घेऊन गेली. काळं कोकरू तोवर मोठं झालं होतं. मोठ्या आईला सोडून जायला तयार नव्हतं, म्हणून तेवढं राहिलं, आणि मोठी आई पावसाळाभर रोज त्याचे पाय धुऊन कोरडे करत बसली.

पुढचे महिने माझं कॉलेजात लक्ष नव्हतं. प्राध्यापकांना मी हे सगळं सांगितलं. ते खूश झाले आणि म्हणाले, छान, पण एका कोकरावरून काही ठरत नाही, निदान दहावीस तरी हवीत. मी मनात म्हटलं, सर, तिच्याकडे मेंढी एकच आहे. वसतिगृहाच्या खोलीत मी नाणं उडवून बघायची. छापा म्हणजे काळं. आणि माझ्यातली एक लबाड मुलगी मनात म्हणायची, मावशी, पांढरं झालं तर गप्प बस आणि कातडं, मीठ, जे काय लागेल ते कर. तू खरी आहेस हे मला ठाऊक आहे. खऱ्या माणसानं खरं ठरण्यासाठी एवढं केलं तर कुठे बिघडलं?

दिवाळीला मी घरी आले तेव्हा धानाची कापणी चालू होती. मेंढरं आल्याचं आधी आवाजावरून कळलं. मोठ्या सडकेवर ट्रक थांबून हॉर्न वाजवत होते आणि त्या सगळ्यांवर मावशीचा आवाज होता. बांध्यांमधली कामं सोडून माणसं आमच्या खळ्यावर जमली. मोठे बाबा धानाच्या पेंढ्यांच्या पुंजण्याला टेकून उभे होते. त्यांनी त्या दिवशी स्वच्छ धोतर नेसलं होतं. माफी मागायची तयारी असावी.

तट्टू पुढं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना जाळ्या लटकत होत्या आणि जाळ्यांतून नुकत्या जन्मलेल्या कोकरांची डोकी बाहेर आली होती. सगळी काळी. त्यांच्यामागून मावशी चालत होती. तिच्या हातात एक कोकरू होतं.

ते पांढरं होतं.

तिनं खळ्यावर येऊन ते मोठ्या बाबांच्या पायांजवळ ठेवलं. मागून पांढरी मेंढी ओरडत आली आणि त्याला चाटू लागली.

"पाटील, हे तुमच्या मेंढीचं. पांढरं निघालं."

कुणीतरी मागून म्हणालं, "गेली धनगरीण." मला रडू आलं. मी पुढं होऊन सांगायला लागले की याचा अर्थ काहीच होत नाही, निम्म्या वेळा असं होणारच. मावशीनं हातानंच मला थांबवलं. "राहू दे, बाई. तू मले आधीच सांगितलं होतं." तिचा चेहरा दमलेला होता. इतक्या लांबून चालत आलेली, आणि पोहोचल्यावर इथं थांबता येणार नाही हे आधीच माहीत असलेली. "मेंढरं थकले आहेत, पाटील. सडकेच्या कडेले राहतो आज. उद्या जातो आसगावकडं, कोणी ठेवलं तर."

मोठे बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते तट्टूजवळ गेले. जाळीत हात घालून त्यांनी एक कोकरू बाहेर काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं, परत ठेवलं. दुसरं काढलं.

"हे केवढे आहेत?"

"तुमच्या पिल्लाच्याच बरोबरीचे जी. त्याच दोनचार दिवसांतले."

"सगळे काळे."

"आमचे काळेच राहतात."

"वाटंत कोणी होतं तुझ्यासंगं? गावचं?"

"कोण राहणार जी?"

मोठे बाबा वळले. हातात ते काळं कोकरू तसंच होतं. "मंग यातलं एक काहून नाही आणलं?"

मावशीला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग तिचे डोळे मोठे झाले. ती रागावली, जुन्यासारखी, अख्खं खळं हादरेल अशी.

"थे तुमच्या मेंढीचं नोहोय जी!"

माझे उडीद, माझे तांदूळ, माझं निम्मं-निम्मं, सगळं त्या एका वाक्यापुढं पोरखेळ होऊन बसलं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटत होता की पळत जाऊन तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मोठ्या बाबांनी काळं कोकरू जपून जाळीत ठेवलं. मग खळ्यावरच्या लोकांकडे बघून ते म्हणाले, "चोर असती तर आज काळं आणलं असतं तिनं." आवाज नेहमीचा नव्हता. "चुकलो मी, बाई. तुमी चला. माझ्या बांधीत बसवा मेंढरं."

त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे बघितलं. त्यानं, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, तोंड उघडलं. "चाल," तो म्हणाला.

खळ्यामागच्या आमच्या बांधीच्या तोंडाशी बोराटीच्या काट्या लावलेल्या होत्या. गड्याला हाक न मारता मोठे बाबा स्वतः तिथं गेले, पांढरं धोतर काट्यांत अडकत असताना एकेक काटी ओढून त्यांनी बाजूला केली, आणि सगळी मेंढरं आत जाईपर्यंत वाट धरून उभे राहिले.